इंद्रावतीकाठची रानम्हैस : कोलामार्का मुलांना कसं शिकवावं?



चौथी-पाचवीला परिसर अभ्यासात नकाशा शिकवताना मी एक साधं काम देतो. गडचिरोली जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशावर नद्या निळ्या पेन्सिलीने काढायच्या आणि राज्याची सीमा लाल पेन्सिलीने. मुलं कामाला लागतात. थोड्याच वेळात मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडतं, "सर, इथं तर निळी अन् लाल एकावर एक येऊन राहिली!"

बस, त्या दिवशीचा पाठ तिथूनच सुरू होतो.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि पुढे त्यांचं नाव प्राणहिता होतं. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथून पुढे गोदावरीच आपली हद्द. पूर्वेला भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. तिथून खाली इंद्रावती महाराष्ट्र आणि छत्तीसगडच्या मधून वाहते आणि सिरोंचा तालुक्यातल्या सोमनूरजवळ गोदावरीत जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जवळजवळ सगळीकडे नदी हीच सीमा आहे.

दोन देशांच्या सीमेवरचं जंगल आपल्याकडे नाही. पण दोन राज्यांच्या सीमेवरचं, नदीच्या कडेचं एक छोटंसं राखीव जंगल आहे. त्याचं नाव कोलामार्का. ताडोबा सगळ्यांना माहीत असतं. कोलामार्का मात्र चंद्रपूर-गडचिरोलीच्याही पुष्कळ लोकांना माहीत नसतं. आजचा लेख त्याच्यावर आहे.

नदी तिथेच, हद्दी बदलत गेल्या

मुलांना सीमा म्हणजे कायमची, दगडावरची रेघ वाटते. म्हणून मी आधी फळ्यावर सनावळी लिहितो.

१९४७ साली इंद्रावतीच्या या काठावर चांदा जिल्हा होता. तो मध्य प्रांतात होता. पलीकडे बस्तरचं संस्थान होतं, तिथे राजा होता. १९४८ साली बस्तर मध्य प्रांत व वऱ्हाडात विलीन झालं आणि १९५० पासून त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश झालं. म्हणजे काही वर्षं इंद्रावतीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते! १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि इंद्रावती पुन्हा सीमा झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. १ नोव्हेंबर २००० ला पलीकडचा काठ छत्तीसगडमध्ये गेला. आणि २ जून २०१४ ला प्राणहितेच्या पलीकडचं आंध्र प्रदेश तेलंगणा झालं.

एवढं लिहून झालं की मी विचारतो, "या सगळ्या वर्षांत नदी किती वेळा हलली?"

मुलं हसतात. पण मुद्दा त्यांच्या डोक्यात पक्का बसतो. हद्द माणसांनी कारभाराच्या सोयीसाठी काढलेली असते. पाण्यावर आलेल्या जनावराला ती दिसत नाही. उन्हाळ्यात इंद्रावती उथळ होते, वाळूचे पट्टे उघडे पडतात. सकाळी छत्तीसगडमध्ये चरलेला कळप संध्याकाळी महाराष्ट्रात येऊ शकतो.

असा येणारा-जाणारा एक प्राणी आहे, ज्याच्यासाठी कोलामार्का राखलं गेलं. तो म्हणजे रानम्हैस. पलीकडे त्यालाच वनभैंसा म्हणतात आणि छत्तीसगडचा तो राज्यप्राणी आहे. आपला राज्यप्राणी शेकरू. महाराष्ट्रात रानम्हैस उरली आहे ती फक्त आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या या कोपऱ्यात.

कोलामार्का म्हणजे किती मोठं?

कोलामार्का अहेरी तालुक्यात, सिरोंचा वन विभागात आहे. शासकीय हत्ती कॅम्पसाठी प्रसिद्ध असलेलं कमलापूर याच भागातलं. २०१३ साली इथल्या १८०.७२ चौरस किलोमीटर जंगलाला 'संवर्धन राखीव क्षेत्र' असा दर्जा मिळाला.

मुलांना चौरस किलोमीटर कळत नाही, म्हणून गणिताच्या तासाला ते समजावून सांगावं. एक चौकोन घ्या, प्रत्येक बाजू साधारण साडेतेरा किलोमीटर. चालत निघालं तर एक बाजू संपायला अर्धा दिवस जाईल. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा आणि बफर मिळून क्षेत्र १७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे कोलामार्का त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. आणि इंद्रावतीच्या पलीकडे बिजापूर जिल्ह्यात जो इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे, तो २७०० चौरस किलोमीटरच्या पुढे जातो.

मग एवढ्याशा तुकड्याचं काय महत्त्व? इथे मी मुलांना घराचं उदाहरण देतो. कोलामार्का हे वेगळं घर समजू नका, ते मोठ्या घराचं अंगण आहे. घरातली माणसं अंगणात येतात, बसतात, परत आत जातात. अंगणाला कुंपण घालून दार बंद केलं, तर घर लहान होतंच आणि अंगणही ओसाड पडतं. पलीकडचं जंगल राखलं नाही तर इकडे कळप येणार नाही. इकडचं जंगल राखलं नाही तर आलेला कळप टिकणार नाही. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एकमेकांशी बोलणं इथे म्हणूनच गरजेचं आहे.

रानम्हैस ओळखायची कशी?

आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. जंगलात मोठं काळं जनावर दिसलं की लोक त्याला 'बायसन' म्हणून मोकळे होतात. ताडोब्यात दिसतो तो गवा. गवा वेगळा, रानम्हैस वेगळी. खरा बायसन तर भारतात नाहीच.

गव्याच्या पाठीवर खांद्यापासून मध्यापर्यंत उंच कणा दिसतो, कपाळ राखाडी असतं आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. त्याची शिंगं आखूड आणि वर वळलेली असतात. रानम्हशीची पाठ अशी उंचावलेली नसते. तिची शिंगं लांबलचक, दोन्ही बाजूंना पसरून कोयत्यासारखी वळतात. रानम्हशीचे पायही खालच्या बाजूला मळकट पांढरे असू शकतात, म्हणून नुसत्या पायांवरून ठरवू नये, शिंगं पाहावीत. आणखी एक खूण म्हणजे चिखल. गवा चिखलात लोळत नाही, रानम्हैस लोळते.

ती का लोळते? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. ज्यांच्या घरी म्हैस आहे ती मुलं बरोबर उत्तर देतात, "तिला गरम होते ना सर!" म्हशीची कातडी काळी आणि जाड, घामाच्या ग्रंथी कमी. घामाने अंग थंड होत नाही, म्हणून पाणी आणि चिखल लागतो. वर वाळलेल्या चिखलाचा थर माशा-गोचिडांपासून वाचवतो. आता पुढची पायरी मुलं स्वतःच गाठतात. जिथे उन्हाळाभर पाणी टिकत नाही तिथे रानम्हैस राहू शकत नाही. म्हणून ती नदीकाठ, नाले, ओलसर गवताळ जागा धरून राहते. नदीकाठचं जंगल तिच्यासाठी चैन नाही, गरज आहे.

मोठ्या रानरेड्याचं वजन हजार किलोच्या आसपास, कधी त्याहून जास्त भरतं. मादी दहा-अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पारडू देते. शेळीसारखी तिची संख्या भराभर वाढत नाही. एक मादी गेली, तर कळपाची कितीतरी वर्षं गेली.

आणि मुलांना सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आपल्या कोठ्यातली म्हैस हिचीच नात आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसाने भारतीय उपखंडात रानम्हैस माणसाळवली. आपल्या विदर्भाची नागपुरी म्हैस, लांब तलवारीसारख्या शिंगांची, तीही याच वंशातली. सकाळच्या चहातलं दूध आणि कोलामार्काच्या नाल्यात बसलेलं ते जनावर यांचं नातं एवढं जवळचं आहे.

पण खरी अडचणही याच नात्यातून सुरू होते.

धोका बंदुकीचाच नाही

वन्यप्राणी कमी का होतात, असं विचारलं की मुलांचं एकच उत्तर असतं, "शिकारी मारतात." ते खोटं नाही. रानम्हैस वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला सर्वांत कडक संरक्षण आहे. तरीही ती कमी होत गेली, कारण बाकीचे धोके गुपचूप येतात.

पहिला धोका मिसळण्याचा. गावची ढोरं जंगलात चरायला जातात. रानरेडा गावच्या म्हशींत येतो किंवा गावचा हल्या रानम्हशींत जातो. पारडू होतं, ते तगतंही. पण अशा काही पिढ्या गेल्या की दिसायला कळप असतो आणि रानम्हैस मात्र त्यात उरत नाही. कोणी मारली नाही, तरी संपली.

दुसरा धोका रोगांचा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या हे रोग आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. गावच्या ढोरांना लस मिळते, डॉक्टर मिळतो. रानम्हशीला कोण देणार? एकाच डबक्यावर दोघी पाणी पितात, आणि रोग तिकडे जातो. जुन्या काळी बुळकांडीच्या साथीने पाळीव आणि रानटी दोन्ही जनावरं मोठ्या संख्येने मेली. जगभर लस टोचून टोचून तो रोग हटवला आणि २०११ साली तो संपल्याचं जाहीर झालं. जनावरांचा रोग जगातून पुसला गेल्याचं हे पहिलंच उदाहरण. म्हणजे लसीने काय होऊ शकतं हे आपल्यासमोर आहे.

तिसरा धोका आगीचा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधी कधी पसरते, आणि ऐन उन्हाळ्यात गवत जळतं. गवत हेच रानम्हशीचं मुख्य अन्न आहे.

चौथा धोका नुसत्या कमी संख्येचा. जगात रानम्हशी चार हजारांपेक्षा कमी उरल्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेक आसामात, काझीरंगा-मानसच्या बाजूला आहेत. मध्य भारतातला आपला गट त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर तुटलेला आहे. कोलामार्का-इंद्रावती भागात त्या फारच थोड्या आहेत. हा भाग दुर्गम, पावसाळ्यात पुराने रस्ते तुटतात, शिवाय अनेक वर्षं नक्षलवादाच्या परिस्थितीमुळे जंगलात फिरून मोजणी करणंही सोपं नव्हतं.

संख्या फार खाली गेली की काय होतं, याचा धडा छत्तीसगडनेच दिला आहे. तिथल्या उदंती अभयारण्यात एक वेळ अशी आली की मादी एकच उरली. तिचं नाव 'आशा' ठेवलं होतं. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २०१४ साली तिच्या पेशीपासून क्लोन पारडू जन्माला घातलं, त्याचं नाव 'दीपाशा'. पुढे आसामातल्या मानसहून रानम्हशी छत्तीसगडच्या बारनवापारा अभयारण्यात आणल्या गेल्या. मोठे शास्त्रज्ञ, मोठा खर्च, हजारो किलोमीटरचा प्रवास. आणि हे सगळं कशासाठी, तर जे आधी जंगलात फुकट होत होतं ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून. मुलांना मी सांगतो, फुटलेलं मडकं जोडण्यापेक्षा ते पडू न देणं सोपं असतं.

कायदा काय म्हणतो? पालकांनी हे जरूर वाचावं

'राखीव क्षेत्र' म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, आता आमचं काय? माझ्या वर्गातही तो आला. रोज सकाळी घरची ढोरं आखरावर नेऊन सोडणाऱ्या एका मुलाने विचारलं, "सर, अभयारण्य झालं तं आमच्या म्हशी कुठं चरतीन?"

त्याचं उत्तर एका वाक्यात नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तयारी करून गेलो. तेच इथे थोडक्यात देतो.

आपल्या कायद्यात राखलेल्या जागांचे वेगवेगळे प्रकार आहेत. राष्ट्रीय उद्यान सर्वांत कडक, तिथे गुरं चारता येत नाहीत. अभयारण्यात चराईवर वनखात्याचं नियंत्रण असतं. लोकांचे हक्क जिल्हाधिकाऱ्यांनी तपासायचे असतात आणि काही हक्क पुढे चालू ठेवता येतात. २००२ च्या दुरुस्तीने आणखी दोन प्रकार आले, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर असतं. विशेषतः उद्यान-अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या जागांसाठी ते आहे. समुदाय राखीव लोकांच्या किंवा समाजाच्या जमिनीवर, त्यांच्या इच्छेने होतं.

संवर्धन राखीव करण्याआधी स्थानिक लोकांशी चर्चा करणं कायद्यानेच सांगितलं आहे. त्यासाठी जी व्यवस्थापन समिती असते, तिच्यात त्या भागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. वनखातं, स्वयंसेवी संस्था, कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचे लोकही असतात. पशुसंवर्धनवाले का, हे आता वेगळं सांगायला नको. आग लावायला तिथेही बंदी असते, पण आत राहणाऱ्यांचे हक्क जात नाहीत.

कोलामार्का २०१३ साली असंच संवर्धन राखीव झालं. २०२२ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला अभयारण्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दर्जा वाढला की संरक्षण वाढतं, निधीही येऊ शकतो, पण नियमही कडक होतात. म्हणून त्या मुलाचा प्रश्न लहान नाही.

इथे दोन गोष्टी पालकांना माहीत असाव्यात. एक, वन्यजीव कायद्याच्या कलम ३३-अ प्रमाणे अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असलेल्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची व्यवस्था करणं ही मुख्य वन्यजीव रक्षकांची जबाबदारी आहे. लस न टोचलेलं जनावर अभयारण्यात चारता येत नाही. म्हणजे ही लस मागणं हा आपला हक्क आहे आणि टोचून घेणं हे आपलं कामही आहे. यात ढोरकीचा फायदा, म्हशीच्या मालकाचा फायदा आणि रानम्हशीचाही फायदा. एका सुईत तिघांचं भलं.

दुसरी, वनहक्क कायदा २००६ अभयारण्यातही लागू आहे. वन्यप्राण्यांसाठी एखाद्या गावाला हलवायचं म्हटलं, तर ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती लिहून घ्यावी लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. गाव आणि जंगल एकमेकांचे शत्रू असतात, असं आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला तरी कोणी शिकवू नये.

दुसऱ्या देशातलं आपल्यासारखंच उदाहरण

पलीकडच्या जगात असं कुठे आहे का, हे शोधताना मला नेपाळचं कोशी टप्पू सापडलं. ते खरोखरच दोन देशांच्या सीमेजवळ आहे. सप्तकोशी नदीच्या पुराच्या मैदानात, बिहारच्या हद्दीपासून थोड्याच अंतरावर. क्षेत्र १७५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ कोलामार्काएवढंच! १९७६ साली ते मुद्दाम रानम्हशींसाठी राखलं गेलं, कारण नेपाळमधला त्यांचा शेवटचा कळप तिथे होता.

तेव्हा तिथे साठच्या आसपास रानम्हशी होत्या. आज ती संख्या चारशेच्या वर गेली आहे. २०१७ साली तिथल्या काही रानम्हशी चितवनच्या राष्ट्रीय उद्यानातही हलवल्या, म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत राहू नयेत. जागा लहान असली तरी काम होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

पण अर्धीच गोष्ट सांगणं बरोबर नाही. कोशी टप्पूच्या गावांचे हालही झाले. रानम्हशी रात्री शेतात शिरून पीक खातात, माणसांवर धावूनही जातात. गावच्या म्हशी आत चरायला जातात आणि दोघींचं मिसळणं तिथेही चालूच आहे. म्हणजे संख्या वाढली की काम संपलं असं होत नाही, नवे प्रश्न येतात. पिकाची भरपाई वेळेवर मिळणं, चराईची वेगळी सोय होणं हे झालं नाही तर गावाचा पाठिंबा टिकत नाही. कोलामार्कात कळप वाढावा असं आपल्याला वाटत असेल, तर या गोष्टींचा विचार आजच करायला हवा.

वर्गात आणि घरी करता येतील असे उपक्रम

१. निळी-लाल रेघ : जिल्ह्याच्या नकाशावर नद्या आणि सीमा काढायच्या. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे पलीकडच्या राज्याचं नाव लिहायचं. इयत्ता चौथी-पाचवीसाठी.

२. म्हशीची दिनचर्या : घरची किंवा शेजारची म्हैस एक दिवस पाहायची. ती किती वाजता पाण्यात जाते, किती वेळ बसते, काय खाते हे वहीत लिहायचं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात एकेकदा करून तुलना करायची.

३. आजी-आजोबांची मुलाखत : तुमच्या लहानपणी कोणकोणते रानप्राणी दिसायचे? रानम्हशीला माडियात, गोंडीत, तेलुगूत काय म्हणतात? वर्गातली मुलं वेगवेगळ्या भाषा बोलत असतील, तर हा उपक्रम फार रंगतो. जे शब्द येतील ते भिंतीवर लावा. मुलाच्या घरची भाषा शाळेच्या भिंतीवर दिसली की त्याचा चेहराच बदलतो.

४. लसीचा तक्ता : गावातल्या किती जनावरांना यंदा लस टोचली, याची वर्गाने घरोघरी जाऊन नोंद करायची. त्याचा स्तंभालेख काढायचा. गणितही होतं आणि गावालाही माहिती मिळते. हा तक्ता ग्रामसभेत मांडता आला तर उत्तम.

५. चर्चा : तिघा मुलांनी तीन बाजू घ्यायच्या, ढोरकी, वनरक्षक आणि रानम्हैस. प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं आपलं म्हणणं मांडायचं. शिक्षकाने निकाल देऊ नये.

शेवटी

मी स्वतः अजून रानम्हैस जंगलात पाहिलेली नाही, चित्रांतच पाहिली आहे. मुलांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलं. न पाहिलेल्या जनावराची काळजी करता येते का, असं मी त्यांना उलट विचारलं. एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या म्हशीवाणीच तं आहे ते. मंग येते करता."

ढोरं चारणाऱ्या त्या मुलाला मी जे सांगितलं, ते पालकांनाही सांगतो. तुझ्या म्हशी कुठे चरणार, हे ठरवताना तुझ्या गावाला विचारलं गेलं पाहिजे, तसा कायदा आहे. आणि जेव्हा विचारलं जाईल, तेव्हा तुला रानम्हशीबद्दलही माहिती असली पाहिजे, म्हणजे तू दोघींच्या बाजूने बोलू शकशील. त्यासाठी शाळा आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग आधी लस तं टोचून घेऊ ना सर." मला वाटतं, कोलामार्काचा पाठ त्याला समजला.

आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते लिहून ठेवा. माझा अनुभव असा की चांगले प्रश्न पुस्तकापेक्षा आखरावरून जास्त येतात.